घोडा हाताळताना आणि नाल मारताना घ्यायची काळजी : नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

येवल्याच्या किंवा सारंगखेड्याच्या बाजारातून घोडी आणली, दारात बांधली आणि पहिल्यांदा नालबंदाला बोलावलं, की घरात नेमके हेच प्रश्न पडतात. वरातीची घोडी पाळणारे, शेतावर हौसेने घोडा ठेवणारे आणि तबेल्यात नव्याने कामाला लागलेले मोतद्दार यांच्यासाठी ही उत्तरं लिहिली आहेत. सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. घोडा हलणार नाही अशी आशा धरून उभं राहू नका. तो हलणारच असं धरा आणि हलल्यावर आपल्याला सरकायला जागा उरेल अशा ठिकाणी उभे राहा.

घोड्याजवळ कोणत्या बाजूने जावं?

खांद्याच्या दिशेने, थोडं तिरकं. बहुतेक घोड्यांना डाव्या बाजूची सवय असते, म्हणून शक्यतो डावीकडून. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, पण दोन जागा सुटतात: अगदी शेपटीमागची आणि नाकासमोरची, कपाळाखालची. म्हणून थेट समोरून हात पुढे करून तोंडाला लावायला गेलं, की तो मान झटकतो. हात अचानक कुठून आला हे त्याला कळलेलं नसतं. आधी बोला, हाक मारा. कान तुमच्याकडे वळला की पुढे व्हा. पहिला स्पर्श मानेला किंवा खांद्याला, आणि तो पूर्ण तळव्याने करा. बोटांच्या टोकांनी गुदगुल्या केल्यासारखा हात लावला तर घोडा त्याला माशी समजतो.

मागून जायचंच असेल तर किती लांबून?

एक तर अगदी चिकटून, नाहीतर दहा-बारा फूट लांबून. मधलं अंतर सर्वांत धोक्याचं, कारण लाथेचा पूर्ण जोर तिथेच बसतो. चिकटून जाताना एक हात पुठ्ठ्यावर, म्हणजे शेपटीच्या वरच्या मागच्या भागावर ठेवा, तो न उचलता शेपटीला लागून पलीकडे जा आणि बोलत राहा. अंग टेकलेलं असलं तर घोड्याला पाय फेकायला अंतर मिळत नाही, नुसता धक्का बसतो. मात्र लाथ मारायची सवय असलेल्या जनावराच्या मागून जवळून जाऊच नका, समोरून वळसा घ्या. घोडा फक्त मागेच लाथ मारतो असंही नाही. मागचा पाय पोटाखालून पुढे आणून बाजूलाही मारतो आणि पुढच्या पायाने समोरही झापड मारतो. खेचराचा नेम तर आणखी पक्का असतो.

नाल मारताना घोडा बांधून ठेवावा की कुणी धरावा?

जाणता माणूस असेल तर धरलेलाच बरा. बांधलेला घोडा घाबरून मागे ओढला आणि दोर सुटला नाही, तर तो पडतो, मान दुखावून घेतो किंवा खांबासकट निघतो.

बांधावंच लागलं तर मोरकीला, म्हणजे डोक्यावर चढवलेल्या बिनलगामी दोराला किंवा पट्ट्याला बांधा, लगामाला कधीच नाही. लगामाला झटका बसला की जीभ आणि जबडा फाटतो. दोर घोड्याच्या डोळ्यांच्या उंचीवर असावा आणि हातभर, साधारण दोन-सव्वादोन फूटच मोकळा ठेवावा. जास्त सैल सोडला तर पाय त्यात अडकतो. गाठ अशी हवी, की मोकळं टोक ओढलं की एका झटक्यात सुटेल. खांबाच्या कडीला आधी सुतळीचा एक छोटा फेरा घाला आणि दोर त्या फेऱ्याला बांधा, म्हणजे जिवावर बेतलं तर सुतळी तुटेल. शटर, फाटकाची दांडी, टांग्याचं चाक, उभा टेम्पो, दुचाकी यांना बांधू नका. हललेली वस्तू मागे घरंगळत आली की घोडा तिला घाबरून आणखी पळतो.

धरणाऱ्याने कुठे उभं राहायचं?

नालबंद ज्या बाजूला काम करतो आहे त्याच बाजूला, घोड्याच्या मानेपाशी. थेट समोर नाही. कारण सोपं आहे. काही गडबड झाली तर तुम्ही घोड्याचं तोंड आपल्याकडे ओढता, आणि तोंड इकडे आलं की पुठ्ठा पलीकडे जातो, म्हणजे नालबंदापासून दूर. तुम्ही उलट्या बाजूला असाल तर त्याच झटक्याने मागचे पाय नालबंदाच्या अंगावर आणाल. नालबंद बाजू बदलतो तेव्हा तुम्हीही बदला.

दोराचा वेढा हाताला किंवा मनगटाला घेऊ नका. घडी घालून मुठीत धरा, म्हणजे सोडता येतो. अंगठ्यात दोर अडकून बोट तुटण्याचे अपघात असेच होतात. धरणाऱ्याचं काम घोडा धरणं एवढंच. फोन खिशात, तोही सायलेंटवर. घोड्याचे कान, डोळे आणि नाकपुड्यांकडे लक्ष ठेवा आणि कान मागे चिकटले, शेपटी जोरात आपटायला लागली किंवा अंग ताठ झालं की नालबंदाला लगेच सांगा. तो खाली वाकलेला असतो, त्याला यातलं काही दिसत नाही. दोघांत दोन शब्द आधीच ठरवा. "थांब" म्हणजे हातोडी थांबवायची, "सोड" म्हणजे पाय सोडून बाहेर निघायचं.

चंदीचं घमेलं तोंडापुढे ठेवायची पद्धत आम्हाला पसंत नाही. धान्यासाठी घोडा मान खालीवर करतो, पाय बदलतो, शेजारच्या घोड्यावर चिडतो. थोडा सुका चारा चालेल. सोबतीचा घोडा दिसेल असा जवळ बांधलेला असला तर बराचसा अस्वस्थपणा मुळातच कमी होतो.

जागा कशी असावी?

सपाट, कोरडी, घसरडी नसलेली, उजेडाची, आणि दोन्ही बाजूंना माणसाला बाहेर पडायला वाट असलेली. भिंत आणि घोडा यांच्यामध्ये कुणी उभं राहू नये. गोदाघाटाच्या काळ्या फरशीवर, विशेषतः शेवाळ धरल्यावर, नाल घातलेला घोडा तीन पायांवर उभा करू नका. गुळगुळीत काँक्रीट असेल तर जुनी रबरी चटई टाका. ओझरच्या परिसरात लढाऊ विमानांची उड्डाणं आणि देवळालीच्या बाजूला तोफांचा सराव सुरू असतो. तिथे राहणाऱ्यांनी आवाज सुरू असताना पाय उचलायला घेऊ नये. सरावलेला घोडासुद्धा तीन पायांवर असताना दचकला तर सावरत नाही.

माश्या हे लाथेचं फार मोठं आणि दुर्लक्षित कारण आहे. पोटावर माशी चावली की घोडा पाय आपटतो, आणि तो पाय त्या वेळी नालबंदाच्या मांडीवर असतो. पावसाळ्यात सकाळी लवकर काम उरका, लीद आधी उचला, आणि धरणाऱ्याच्या हातात फडकं असू द्या. शेपटीची गाठ मारली तर नालबंदाच्या डोळ्याला फटका बसत नाही.

पाय उचलायची नेमकी पद्धत काय?

पुढचा पाय: खांद्याशी, तोंड शेपटीकडे करून उभे राहा. हात खांद्यावरून सरळ खाली, पायाच्या मागच्या बाजूने नेत गुडघ्याखालच्या शिरेपर्यंत आणा. तिथे हलकंसं चिमटा आणि त्याच वेळी आपल्या खांद्याने घोड्याच्या खांद्याला थोडं रेटा, म्हणजे वजन दुसऱ्या पायावर जातं. पाय स्वतःहून सैल झाला की उचला.

मागचा पाय: कमरेशी उभे राहा, तोंड शेपटीकडेच. एक हात पुठ्ठ्याच्या हाडावर ठेवा. तो हात तुमची आगाऊ सूचना आहे. घोडा लाथेसाठी अंग आकसतो ते तळव्याला आधी कळतं. दुसरा हात घोड्याच्या मांडीवरून खाली नेऊन नळीच्या, म्हणजे खुराच्या वरच्या लांब हाडाच्या, आतून धरा. पाय आधी पोटाच्या दिशेने किंचित पुढे उचला, मग हळू मागे न्या आणि आपल्या मांडीवर टेकवा. एकदम मागे ओढलात तर घोडा तोल जाईल म्हणून झटका देतो.

दोन्ही वेळा पाय घोड्याच्या अंगाखालीच ठेवा. आपल्या सोयीसाठी बाहेर फाकवला की गुडघा आणि खुबा दुखतो. उंच माणसाला वाकावं लागेल, त्याला इलाज नाही. दोन-तीन मिनिटांनी पाय खाली ठेवून विसावा द्या. ठेवतानाही हातानेच टेकवा, आपटू देऊ नका. जमिनीवर बसून किंवा गुडघे टेकून काम करू नका. उकिडवे बसलेल्या माणसाला उठून मागे व्हायला वेळ लागत नाही, मांडी घालून बसलेल्याला लागतो.

घोडा एकच पाय देत नाही. हट्टी आहे का?

आधी दुखण्याचा विचार करा. त्यातही लोक एक गोष्ट विसरतात: उजवा पाय देत नसेल तर दुखणं डाव्या पायात असू शकतं, कारण उजवा उचलला की सगळं वजन डाव्यावर पडतं. दोन्ही खूर हाताने चाचपा. एक दुसऱ्यापेक्षा गरम आहे का, टाचेच्या वर नाडी जोरात उडते आहे का ते बघा. चंदी जास्त होऊन खूर सुजलेला घोडा पुढचे पाय पुढे टाकून मागे रेलून उभा राहतो. अशा घोड्याला नाल मारू नका, पशुवैद्यकाला बोलवा. म्हाताऱ्या घोड्याचा सांधा आखडलेला असतो, त्याचा पाय कमी उंचीवरच धरावा लागतो.

नाचायला शिकवलेली घोडी असेल तर नालबंदाला आधीच सांगा. काठीच्या स्पर्शाने पाय उचलायची सवय तिला लावलेली असेल तर नालबंदाचा हात लागताच ती पुढचा पाय झटकन उचलेल. त्याला ती खोडी वाटते, तिच्या दृष्टीने तो हुकूम असतो.

जुना नाल काढताना काय चुकतं?

खिळ्यांची दुमडलेली टोकं न उघडता नाल उपटला जातो. मग प्रत्येक खिळा खुराच्या भिंतीचा तुकडा घेऊन निघतो आणि पुढच्या वेळी खिळा मारायला जागाच राहत नाही. आधी छिन्नीने किंवा कानशीने सगळी टोकं सरळ करा. मग सांडशी टाचेच्या बाजूला नालाखाली घाला आणि खुराच्या मध्याकडे, पुढच्या दिशेने दाबा. बाहेरच्या बाजूला कधी मुरगळू नका, सांध्याला पीळ बसतो. एक टाच, मग दुसरी, असं थोडं थोडं पुढे या. निघालेला नाल लगेच डब्यात टाका. जमिनीवर खिळे वर करून पडलेला नाल आणि त्याच्यावर टेकलेला घोड्याचा पाय, हा अपघात एका क्षणात होतो आणि तो बरा व्हायला महिने जातात.

खिळा मारण्यात नेमका धोका कुठे आहे?

दोघांना आहे, घोड्याला आणि नालबंदाला.

घोड्याच्या बाजूने बघू. खुराच्या कडेची भिंत नखासारखी निर्जीव आहे, तिच्या आत जिवंत भाग आहे. दोन्हींच्या सीमेवर तळव्याकडून एक पांढरी रेघ दिसते. खिळा त्या रेघेवर किंवा तिच्या बाहेरून शिरला पाहिजे, आतून नाही. नालाच्या खिळ्याचं टोक एका अंगाने तासलेलं असतं आणि त्याच अंगाला डोक्यावर खूण असते. ती खूण खुराच्या आतल्या बाजूला, म्हणजे मधल्या मऊ त्रिकोणाकडे आली, की खिळा पुढे जाता जाता बाहेर वळतो. उलटा धरला की तो आत, जिवंत भागात वळतो. नव्या माणसाची सर्वांत महागडी चूक हीच.

सुरुवातीचे घाव हलके मारा आणि आवाज ऐका. टणक भिंतीतून जाणाऱ्या खिळ्याचा आवाज घावागणिक खणखणीत होतो. आवाज बद्द झाला, खिळा लोण्यात गेल्यासारखा सरकला किंवा घोडा दचकला, तर तो खिळा काढा. खिळा नालाच्या वर साधारण दोन सेंटिमीटरवर बाहेर पडावा. फार खाली निघाला तर पकड राहत नाही आणि भिंत फुटते, फार वर गेला तर आत दाबतो. जुन्या पद्धतीत बाहेरच्या बाजूला चार आणि आतल्या बाजूला तीन खिळे मारतात, कारण आतली भिंत पातळ असते. खुराच्या सर्वांत रुंद जागेच्या मागे, टाचेकडे, खिळा नको. वजन पडलं की टाच फाकते, ती खिळ्यांनी जखडली की खूर आवळत जातो.

आता नालबंद. खिळ्याचं टोक भिंतीतून बाहेर आलं आहे आणि अजून मोडलेलं नाही, तो क्षण सगळ्या कामात सर्वांत वाईट. घोड्याने पाय ओढला तर ते टोक मांडी फाडत जातं. म्हणून एक खिळा मारला की तो हातोडीच्या नखाने लगेच पिळून मोडायचा आणि मगच दुसरा घ्यायचा. "सगळे मारून मग एकदम मोडतो" हे चालू देऊ नका. मोडलेलं टोक उडतं, तेव्हा डोळ्यांवर गॉगल आणि कमरेला जाड चामड्याचा एप्रन हवा. जीन्सची पँट पुरत नाही.

खिळा जिव्हारी लागला तर?

रक्त दिसलं किंवा घोडा जोरात दचकला तर तो खिळा लगेच काढा आणि ते भोक रिकामंच ठेवा. भोकात पोव्हिडोन आयोडीन सोडा, खूर स्वच्छ कोरड्या जागी ठेवा आणि पशुवैद्यकाला कळवा. घोडा धनुर्वाताला फार लवकर बळी पडतो, त्यामुळे लस कधी दिली होती ते त्यांना सांगा. लपवू नका. लपवलेला खिळा दोन-तीन दिवसांनी लंगडेपणाने बोलतो, आणि तोवर आत पू झालेला असतो.

खिळा आत शिरला नाही पण अगदी जवळून गेला, तर घोडा त्या दिवशी ठीक चालतो आणि एक-दोन दिवसांनी लंगडतो. एकेका खिळ्यावर हातोडीने हलकं टकटक करा. दुखरा खिळा आला की पाय ओढेल. तेवढा खिळा काढला की बहुतेकदा आराम पडतो. नाही पडला तर नालच काढून तपासणी करावी लागते.

पायात काय घालावं?

बंद, कडक चामड्याचे, टाच असलेले बूट. चपला घालून घोड्याजवळ जाऊ नये, हे आम्ही नाशिकच्या प्रत्येक तबेल्यात सांगू इच्छितो. साडेतीन-चारशे किलोचं जनावर नालासकट पायावर टेकलं की बोटं वाचत नाहीत. गळ्यात गमछा किंवा उपरणं नको, हातात कडं आणि अंगठी नको. लहान मुलं आणि कुत्री बाजूला ठेवा. कोवळ्या किंवा अनोळखी घोड्यापाशी हेल्मेट घाला, दुचाकीचं असलं तरी नसल्यापेक्षा बरं.

ओठाला दोरीचा फास, पाय बांधणे किंवा इंजेक्शन चालेल का?

वरच्या ओठाला फास लावून घोडा काही मिनिटं शांत राहतो, पण तो अनुभवी माणसाने आणि थोड्याच वेळापुरता वापरावा. कानाला फास लावू नका, कान पिळू नका. त्या घोड्याला पुढे मोरकी चढवणंही अवघड होऊन बसतं. पाय दोराने वर बांधून काम करणं आम्ही नाकारतो. धडपडलेला घोडा टाचेच्या वरची कातडी सोलून घेतो आणि पडला तर माणसावर पडतो. भुलीचं इंजेक्शन फक्त पशुवैद्यकाने द्यावं, मेडिकलमधून आणून नाही. आणि लक्षात असू द्या, गुंगीतला घोडा मान खाली घालून झोपल्यासारखा दिसतो, तरी दचकला तर अचूक लाथ मारतो.

किती दिवसांनी नाल बदलावा? पावसाळ्यात काय वेगळं?

सहा ते आठ आठवड्यांनी, नाल झिजलेला नसला तरी. खूर महिन्याला साधारण सहा ते दहा मिलिमीटर वाढतो. खूर पुढे लांबला की घोडा अडखळतो, आणि वर बसलेला माणूस पडतो. नालाचा आकार खुराप्रमाणे ऐरणीवर बदलायचा असतो. नाल लहान निघाला म्हणून खूर पुढून कानशीने घासून बसवणारा नालबंद दिसला तर काम तिथेच थांबवा.

त्र्यंबक-इगतपुरीकडच्या पावसात खूर भिजून मऊ होतो आणि खिळे सैल होतात. रोज हाताने नाल हलवून बघा. सैल नाल हलला की त्याचे खिळे तळव्यात घुसतात. तळव्याच्या खाचेतून काळा, कुजका वास येणारा मळ निघाला तर खूर सडतो आहे. खूर साफ करायच्या आकड्याने माती टाचेकडून पुढे काढा, कोरडं करा, ओल्या लिदीवर उभं करू नका. सिन्नर-निफाडकडची काळी माती खुरात इतकी घट्ट बसते की तिच्यात अडकलेला खडा दिवसभर दिसत नाही.

वरातीत आणि मिरवणुकीत काय सांभाळावं?

निघण्याआधी चारही नाल बघा. घोडीच्या दोन्ही बाजूंना माणूस हवा, एकाच्या हातात कायम दोर. नवरदेवाच्या पायाचा फक्त चवडा रिकिबीत असावा. टाचेपर्यंत पाय आत गेला तर पडल्यावर तो फरफटत जातो. नवरदेवापुढे लहान मुलाला बसवायचं टाळा. फटाके घोडीच्या मागे किंवा पायाशी लावू देऊ नका, हे कार्यमालकाशी आधीच ठरवा. डीजेच्या भिंतीपुढे तिला उभं करू नका.

रोषणाईच्या गाड्यांच्या वायरी हा वेगळा आणि गंभीर धोका आहे. लोखंडी नाल, ओला रस्ता आणि कातडं निघालेली वायर एकत्र आली की घोडी जागीच पडते. माणसाला सौम्य वाटणारा झटकाही तिला जीवघेणा ठरू शकतो. वायर जमिनीवर असेल तिथून घोडी नेऊ नका. ती कोसळलीच तर आधी जनरेटर बंद करा, मग हात लावा. 2026-27 च्या सिंहस्थाच्या गर्दीत घोडे आणणाऱ्यांनी पंचवटीच्या अरुंद गल्ल्यांत घोडा वळवता येईल अशी जागा आधी पायी फिरून बघून ठेवावी.

घोडा चावला किंवा लाथ बसली तर?

चावल्यास जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा, मग दवाखाना. धनुर्वाताचं इंजेक्शन आणि रेबीजची लस याबद्दल डॉक्टरांना विचारा, घोड्यालाही रेबीज होतो. पोटाला किंवा छातीला लाथ बसली असेल तर वरून काहीच दिसत नसलं तरी तपासून घ्या. यकृत किंवा प्लीहा फाटल्याचं काही तासांनी कळतं. चक्कर, पोट कडक होणं, खांद्यात दुखणं, लघवीत रक्त यांपैकी काहीही असेल तर 108 ला फोन करा. डोक्याला लागलं असेल तर माणसाला उठवून बसवू नका, पाणी पाजू नका. जखमी जनावरासाठी पशुसंवर्धन विभागाचा क्रमांक 1962.

घोड्यापासून माणसाला आजार होतात का?

ग्लँडर्स होऊ शकतो आणि तो प्राणघातक आहे. नाकातून चिकट पिवळा स्राव, पायांवर किंवा अंगावर गाठी फुटून वाहणं, सतत ताप ही लक्षणं असलेल्या घोड्याला हात लावू नका, वेगळा बांधा आणि सरकारी पशुवैद्यकाला कळवा. कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. रक्ततपासणी हरियाणातल्या हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते. बाजारातून आणलेला नवा घोडा दोन-तीन आठवडे वेगळा ठेवा, त्याची बादली आणि खरारा दुसऱ्याला वापरू नका. नालबंदानेही एका तबेल्यातून दुसऱ्यात जाताना हात आणि हत्यारं धुवावीत.

काम संपल्यावर काय बघायचं?

घोडा कठीण जमिनीवर सरळ रेषेत चालवा, मग वळवा. टापांचा ताल एकसारखा ऐकू आला पाहिजे. दुमडलेल्या टोकांवरून तळहात फिरवा, कुठे बोचता कामा नये. जितके खिळे आणले त्यातले वापरलेले, मोडलेले आणि उरलेले मोजा, आणि जमिनीवरून चुंबक फिरवा. दुसऱ्या दिवशी सकाळी चंदी देण्याआधी पुन्हा एकदा चालवून बघा आणि चारही खुरांना हात लावा.